'प्रिझर्व्ह' नेमकं कुठे वापरायचं? नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

मागे एकदा संध्याकाळची बॅच सुटल्यावर एक काकू थांबल्या, पर्समधून घडी घातलेला कागद काढला, काकांचा टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, मॅडम हे प्रिझर्व्हड म्हणजे लोणच्याच्या बाटलीवर असतं तेच का हो? ओळ होती 'एलव्ही सिस्टॉलिक फंक्शन प्रिझर्व्हड'. मुलाने मोबाइलवर डिक्शनरी बघितली होती, तिथे अर्थ होता 'जतन केलेले', आणि हृदयाचं काम जतन केलंय म्हणजे नक्की काय केलंय हे घरात कुणालाच कळेना, दोन दिवस नुसता घोर. त्या ओळीचा अर्थ एवढाच की हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य कप्प्याची रक्त पुढे ढकलायची ताकद शाबूत आहे. शाबूत हा शब्द काकूंना मी सांगितला आणि त्या तिथेच बाकावर बसल्या.

तेव्हापासून हा शब्द मी प्रत्येक बॅचला वेगळा एक तास घेऊन शिकवते. कारण डिक्शनरी 'जतन करणे' म्हणून मोकळी होते, पण आपण मराठीत बोलताना जपतो, राखतो, टिकवतो, सांभाळतो, साठवतो, वाचवतो, आणि हे सगळे शब्द आपण जिथल्या तिथे बरोबर वापरतो, कुणी शिकवलेलं नसताना. इंग्रजीतही तसंच पाच-सहा शब्दांचं कुटुंब आहे, फक्त त्यांची वाटणी आपल्या वाटणीशी जुळत नाही, आणि सगळी गडबड तिथे होते.

पहिली पायरी : आधी उच्चार

प्रिझर्व्ह मधला झ हा झाडातला झ, झेंड्यातला नाही. बरेच जण 'प्रिसर्व्ह' म्हणतात ते स्पेलिंग बघून, कारण लिहिताना एस आहे. रिझर्व्ह, ऑब्झर्व्ह, डिझर्व्ह यांच्यातही तोच झ. पण याच घरातला कन्सर्व्ह मात्र सरळ स ने, 'कॉन्झर्व्ह' नाही. हे माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा चुकतं.

आणि जोर दुसऱ्या भागावर, प्रि-झर्व्ह. नाम केलं की मात्र सुरुवात बदलते, प्रेझर्व्हेशन, तिथे प्रि चा प्रे होतो. प्रिझर्व्हेटिव्ह मध्ये परत प्रि. मोठ्याने पाच वेळा म्हणा, तोंडात बसतं.

दुसरी पायरी : शब्द फोडून बघा

मूळ लॅटिन आहे. 'सेर्वारे' म्हणजे राखणं, नजर ठेवून सांभाळणं, आणि 'प्राए' म्हणजे आधी. म्हणजे बिघडायच्या आधीच राखणं. हा 'आधी' लक्षात ठेवा, कारण एकदा वस्तू बिघडली, मोडली, फाटली की प्रिझर्व्ह करायची वेळ गेली, मग शब्द येतो रिस्टोअर. देवळाचा जीर्णोद्धार केला तर ते प्रिझर्व्हेशन होत नाही. पुण्यात १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे ना, तिथे जुन्या सिनेमांची रिळं थंड, कोरड्या खोलीत ठेवतात ते प्रिझर्व्हेशन, आणि ओरखडे पडलेली फ्रेम साफ करून, रंग सुधारून नवी प्रत काढतात ते रिस्टोरेशन. फाळकेंचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण मिळत नाही, त्याचा काही भागच उरलाय, कारण त्या काळात 'आधी' राखायला कुणी नव्हतं.

जाता जाता, सर्व्ह आणि डिझर्व्ह दिसायला याच घरातले वाटतात पण ते 'सेवा करणे' वाल्या दुसऱ्या शब्दापासून आलेत. त्यांना यात ओढू नका.

तिसरी पायरी : 'कशापासून?' हे विचारा

पूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. प्रिझर्व्ह म्हटलं की लगेच मनात विचारा, कशापासून? उत्तर जर सडण्यापासून, झिजण्यापासून, विसरलं जाण्यापासून, पुसलं जाण्यापासून असं आलं, म्हणजे काळ हाच शत्रू असेल, तर शब्द बरोबर आहे.

आपल्या जुन्या पोथ्या यासाठी फार चांगलं उदाहरण आहेत. लिहिणारा पोथी पूर्ण झाली की शेवटी बरेचदा एक संस्कृत श्लोक टाकायचा, त्यात पोथी स्वतःच बोलते, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. आता यातला प्रत्येक 'पासून' म्हणजे इंग्रजीतला 'फ्रॉम'. प्रिझर्व्ह इट फ्रॉम ऑइल, फ्रॉम वॉटर. आमच्या आजोळी अशी एक पोथी आहे, लाल कापडात बांधलेली, आत वेखंडाचे तुकडे टाकलेले, मामी दर चातुर्मासात सोडून, झटकून, नवं वेखंड घालून परत बांधते, गाठ इतकी घट्ट की मला आजही सुटत नाही. दिव्याचं तेल, पावसाळ्यातली ओल, सैल दोरी आणि कसर, एवढ्या सगळ्यांच्या विरुद्ध एक कापड, एक गाठ आणि थोडं वेखंड. प्रिझर्व्ह या क्रियापदाचा अर्थ मुलांना समजावताना मी त्या गाठीचं वर्णन करते, व्याख्या नंतर देते.

बाकी शब्दयोगी असे: कशात घालून टिकवलं ते 'इन', मिठात म्हणजे इन सॉल्ट. कोणत्या कृतीने ते 'बाय', वाळवून म्हणजे बाय ड्राइंग. कोणासाठी ते 'फॉर'. 'प्रिझर्व्ह टू' असं काही नसतं.

चौथी पायरी : स्वयंपाकघरात जा

इथे शब्द हाताला लागतो म्हणून इथे जरा जास्त थांबूया.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं, ते बघितलंच असेल. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, आणि जंतूंना, बुरशीला वाढायला लागतं तेच पाणी. मग वर तेल इतकं ओतायचं की फोडी बुडाल्या पाहिजेत, म्हणजे हवा लागत नाही. ओला चमचा घातला की बुरशी धरते ती याच कारणाने, आपण बाहेरून पाणी नेऊन दिलं. साखर पण पाणी बांधून ठेवते, म्हणून मुरंबा टिकतो आणि पाक कच्चा राहिला तर आंबतो. सुकट, बोंबील, कुरडया, आमसुलं, ही सगळी वाळवून टिकवायची तऱ्हा. हे सगळं इंग्रजीत प्रिझर्व्ह.

पण कांदा चाळीत ठेवतात ते? तिथे शब्द स्टोअर. चाळीत हवा खेळती ठेवतात ती कांदा सडू नये म्हणूनच, तरीही आपण कांद्याला काही केलेलं नाही, कांदा होता तसाच कांदा आहे. वस्तूवर काहीतरी प्रक्रिया केली तर प्रिझर्व्ह, नुसती नीट साठवली तर स्टोअर, खाण्याच्या बाबतीत हा हिशोब जवळपास नेहमी चालतो. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना मी हे उदाहरण दिलं की परत समजवावं लागत नाही.

आता नाम. महाबळेश्वर-पाचगणीला बाटल्या घेताना जॅम, क्रश आणि प्रिझर्व्ह अशी वेगवेगळी लेबलं दिसतात. जॅममध्ये फळ शिजून एकजीव झालेलं असतं, प्रिझर्व्हमध्ये फळाच्या फोडी किंवा अख्खं फळ पाकात दिसतं. म्हणजे आपला मुरंबा, मोरावळा. परदेशातल्या पाहुण्यांना मोरावळा काय हे सांगायचं असेल तर जॅम म्हणू नका, आवळ्याचा प्रिझर्व्ह म्हणा, बरोबर चित्र उभं राहतं.

आणि आत्ता उठून फ्रिजमधली केचपची बाटली घ्या, मागचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक 'क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह' असं काहीतरी आणि पुढे २११ सारखा आकडा दिसेल. आपल्याकडच्या अन्न नियमांत टिकवणाऱ्या पदार्थांचे असे दोन वर्ग केलेत. पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मध, मसाले, खाद्यतेल, म्हणजे आपल्या आजीचा सगळा फडताळ. दुसऱ्या वर्गात रसायनं, जी किती घालायची याला मर्यादा आहे. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, सरबताच्या बाटलीवर २२४ दिसला तर ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. 'नो ॲडेड प्रिझर्व्हेटिव्ह' लिहिलेलं असलं तरी आत मीठ, साखर, व्हिनेगर असतंच आणि टिकवायचं काम तेच करत असतं, तेव्हा डायबेटिस किंवा बीपी असेल त्यांनी फक्त तेवढी एक ओळ वाचून बाटली उचलू नये, साखर आणि सोडियम किती ते पण बघावं.

मुलं-सुना जर्मनीला किंवा फ्रान्सला असतील आणि तुम्ही तिकडे जाणार असाल तर एक नक्की लक्षात ठेवा. तिथे दुकानात 'प्रिझर्व्हेटिव्ह आहे का यात' असं विचारू नका, त्या दोन्ही भाषांत या शब्दासारखा दिसणारा शब्द म्हणजे निरोध. जर्मनीत 'कॉन्झर्व्हीरुंग्सश्टॉफ' हा शब्द लेबलवर शोधा, आणि त्याच्या आधी 'ओने' असेल तर त्याचा अर्थ शिवाय.

पाचवी पायरी : भावंडांना वेगळं ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्याचं कारण आपलं 'राखणं' आणि 'वाचवणं' ही दोन क्रियापदं. शेत राखतो, शांतता राखतो, मान राखतो, सीट पण राखून ठेवतो. इंग्रजीत या प्रत्येकाला शब्द वेगळा.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तिथे प्रिझर्व्ह चालणार नाही. बोलताना 'सेव्ह अ सीट फॉर मी', आणि तिकीट काढून केलं तर रिझर्व्ह. प्रश्न परत विचारा ना, कशापासून? सीट काही सडणार नव्हती, दुसरा कुणी बसला असता एवढंच. दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून बाजूला ठेवणं म्हणजे रिझर्व्ह.

पाणी वाचवा, वीज वाचवा या पाट्यांवर मी 'प्रिझर्व्ह वॉटर', 'प्रिझर्व्ह इलेक्ट्रिसिटी' असं रंगवलेलं पाहिलंय. तिथे कन्सर्व्ह पाहिजे किंवा साधं सेव्ह. कन्सर्व्ह म्हणजे जपून, बेताने वापरणं, जेणेकरून संपणार नाही. प्रिझर्व्ह केलेली वस्तू आहे तशी राहावी हा हेतू असतो, कन्सर्व्ह केलेली वस्तू वापरायचीच असते पण पुरवून पुरवून. आई महिनाअखेरीला साखर पुरवते ना, ते कन्सर्व्ह. शाळेत विज्ञानात हाच शब्द वेगळ्या कपड्यात भेटतो, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम, तो 'लॉ ऑफ कन्सर्व्हेशन ऑफ एनर्जी', इथेही झ ने नाही, स ने. म्हणजे एकूण ऊर्जा कमी होत नाही की वाढत नाही. तिथे कुणी काटकसर करत नाहीये, पण 'एकूण बेरीज तेवढीच राहते' ही कल्पना तीच.

इमारतींच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत, अमेरिकेत जास्त करून प्रिझर्व्हेशन म्हणतात, ब्रिटनमध्ये कन्सर्व्हेशन. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात १९०४ साली जो स्मारकांचा कायदा झाला त्याच्या नावातच प्रिझर्व्हेशन आहे. गडावर निळी पाटी दिसते तिच्यावर मात्र 'संरक्षित', म्हणजे प्रोटेक्टेड. प्रोटेक्ट म्हणजे बाहेरून कुणी इजा करू नये, भिंतीवर नावं कोरू नये, दगड उचलून नेऊ नये. ऊन-पाऊस-झाडांच्या मुळ्या यांच्यापासून चुना आणि दगड टिकवणं हे प्रिझर्व्ह.

ही दोन्ही आणि तिसरं डिफेंड, असे तिन्ही शब्द एका ओळीत बघायचे असतील तर आपल्या संविधानाचा अनुच्छेद ६० काढा, राष्ट्रपतींची शपथ आहे, संविधान आणि कायदा 'प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट अँड डिफेंड' करीन. मी वर्गात असं समजावते की पहिल्यात ते झिजू न देणं आहे, दुसऱ्यात त्याला इजा होऊ न देणं, आणि तिसऱ्यात कुणी चालून आलंच तर उभं राहणं. तीन शब्द शोभेला नाहीत.

जीव वाचवला, तिथे सेव्ह. पावती जपून ठेवा, तिथे कीप. आपल्याकडे पावत्यांवर 'प्लीज प्रिझर्व्ह धिस रिसीट' छापलेलं सर्रास असतं, अर्थ कळतो, कुणी अडवणार नाही, पण तुम्ही लिहाल तेव्हा कीप लिहा. शांतता राखा, तिथे मेंटेन सायलेन्स. मान राखला तर रिस्पेक्ट, राखण्याचा तिथे संबंधच संपला.

सहावी पायरी : 'द प्रिझर्व्ह ऑफ'

वर्तमानपत्रातले इंग्रजी लेख वाचायला लागलात की हा प्रयोग भेटेल आणि मुरंबा आठवून गोंधळ होईल. 'एज्युकेशन वॉज द प्रिझर्व्ह ऑफ अ फ्यू'. इथे अर्थ मिरासदारी, मक्तेदारी. शिक्षण मूठभरांची मिरासदारी होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती ही मिरासदारी मोडायला, हे वाक्य इंग्रजीत करून बघा, चांगला सराव आहे. अर्थ असा कसा आला ते पण सोपं आहे, युरोपात राजे-सरदार शिकारीसाठी रान राखून ठेवायचे, बाकीच्यांना आत मज्जाव, त्या रानाला प्रिझर्व्ह म्हणत. तिथून कुठल्याही 'इतरांना मज्जाव' असलेल्या गोष्टीला.

अमेरिकेत राहणाऱ्यांना 'नेचर प्रिझर्व्ह' अशा पाट्या गावागावाबाहेर दिसतील, तिथे शिकार वगैरे काही नाही, निसर्गासाठी राखलेली जागा. आपल्याकडच्या सरकारी भाषेत जंगलासाठी हा शब्द जवळजवळ नाहीच, रिझर्व्ह्ड फॉरेस्ट म्हणजे राखीव वन, प्रोटेक्टेड फॉरेस्ट म्हणजे संरक्षित वन, हे १९२७ च्या वन कायद्यातले शब्द, आणि मेळघाट, ताडोबा हे टायगर रिझर्व्ह, मराठीत व्याघ्र प्रकल्प. पण देवराईचं वर्णन इंग्रजीत करायचं असेल तर मी बेधडक प्रिझर्व्ह वापरते. काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असं जिथे पिढ्यानपिढ्या पाळलं गेलं, त्या रानाला दुसरं काय म्हणायचं.

सातवी पायरी : रिपोर्ट, माणसं आणि कॉम्प्युटर

डॉक्टरी रिपोर्टमध्ये प्रिझर्व्हड दिसला की मनात 'शाबूत' म्हणा. अपघातानंतर 'सेन्सेशन प्रिझर्व्हड' म्हणजे संवेदना शाबूत आहे, चांगली बातमी. इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला त्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा, साधारण ५० टक्के किंवा वर असला की असं लिहितात. फक्त एवढ्यावरून सगळं ठीकच आहे असं धरू नका, हार्ट फेल्युअरचा एक प्रकार असा आहे ज्यात हा आकडा शाबूत असतो आणि तरी दम लागतो, पाय सुजतात, कारण हृदय नीट सैल पडत नाही. शब्दाचा अर्थ आपण लावावा, आजाराचा अर्थ डॉक्टरांना विचारावा.

माणसाला 'वेल प्रिझर्व्हड' म्हणतात तेव्हा वय झालंय पण अंगावर दिसत नाही असा अर्थ. तोंडावर म्हणू नका, बऱ्याच जणांना ते आवडत नाही, विशेषतः बायकांना. 'यू लुक ग्रेट' पुरतं.

कॉम्प्युटरवर फाइल सेव्ह करतो, प्रिझर्व्ह नाही. पण एका जागेचं दुसरीकडे नेताना काहीतरी 'तसंच राहू दे' असं सांगायचं असतं तिथे प्रिझर्व्ह येतो, फोटो लहान करताना त्याची लांबी-रुंदी एकमेकांच्या प्रमाणात राहू दे, कॉपी करताना फाइलची तारीख राहू दे, असं.

आठवी पायरी : एक अर्ज लिहून बघा

आता खऱ्या कामाचं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या स्कूटरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेलं. त्याने कमिटीला इंग्रजीत अर्ज दिला, 'प्लीज शो मी द सीसीटीव्ही'. कमिटीची मीटिंग तीन आठवड्यांनी झाली, तोपर्यंत रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग चढलं होतं, कारण डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, भरला की जुनं आपोआप पुसत जातो. शो म्हणजे दाखवा, आणि दाखवायला ते राहायला तर पाहिजे. त्याला पहिल्याच दिवशी प्रिझर्व्ह हा शब्द माहीत असायला हवा होता, माझं शिकवायचं राहून गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

अर्जातलं वाक्य असं करा, इंग्रजी अक्षरांत लिहून काढा:

'काइंडली प्रिझर्व्ह द सीसीटीव्ही फुटेज ऑफ द पार्किंग एरिया, डेटेड ट्वेल्थ जून, फ्रॉम सिक्स पीएम टू नाइन पीएम, अँटिल द मॅटर इज रिझॉल्व्हड.'

यात तारीख हवी, वेळ हवी, जागा हवी, आणि कधीपर्यंत ते हवं. 'कशापासून' इथे लिहावं लागत नाही, पुसलं जाण्यापासून हे त्या शब्दातच आलं. कायद्याच्या भाषेतही हा शब्द याच अर्थाने येतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७सी च्या शीर्षकात 'प्रिझर्व्हेशन अँड रिटेन्शन' असे दोन शब्द आहेत, म्हणजे माहिती टिकवणं आणि ठराविक काळ आपल्याकडे ठेवणं.

फुटेजची कॉपी हवी असेल तर ते वेगळं वाक्य, 'प्लीज प्रोव्हाइड अ कॉपी', एकात दुसरं घुसडू नका. अर्ज त्याच दिवशी द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच घ्या, आणि पोच फाइलला लावा. पोचेसाठी शब्द कीप.